जोडीतला दुसरा शब्द

प्रश्न ओळखीचा आहे. 'नो सूनर हॅड द बेल रंग', पुढे गाळलेली जागा, त्यापुढे 'द चिल्ड्रन रॅन आउट'. खाली चार पर्याय: व्हेन, देन, दॅन, दॅट. बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'पासून बँकांच्या, स्टाफ सिलेक्शनच्या आणि सैन्यदलांच्या सीडीएस परीक्षेपर्यंत हा प्रश्न वेश बदलून भेटत राहतो. उत्तर बहुतेकांना येतं. 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली'ला 'व्हेन', 'आयदर'ला 'ऑर', 'नायदर'ला 'नॉर', 'लेस्ट'ला 'शुड' अशी यादी क्लासच्या नोट्समध्ये असतेच आणि ती घोकून घेतली जाते.

यादी घोकून मार्क मिळतात, यात शंका नाही. पण या जोड्या अशाच का जमल्या, याला कारण आहे आणि ते बहुधा जोडीतल्या पहिल्या शब्दाच्या पोटातच असतं. एकदा ते दिसलं की घोकायला फारसं काही उरत नाही. उलट त्या गाळलेल्या जागेतून हजार-दीड हजार वर्षं मागे डोकावता येतं, आणि तिथे आपल्याच ओळखीची माणसं भेटावीत तसे आपलेच शब्द भेटतात.

'नो सूनर'पासूनच सुरुवात करू. 'सून' म्हणजे लवकर, 'सूनर' म्हणजे अधिक लवकर. तुलना आली, आणि इंग्रजीत अशी तुलना आली की 'दॅन' आलाच: 'टॉलर दॅन', 'बेटर दॅन', तसंच 'सूनर दॅन'. वाक्य शब्दशः काय सांगतं पाहा. घंटा वाजणं हे मुलं बाहेर पळण्यापेक्षा जराही आधी घडलं नाही. दोन घटनांच्या वेळा शेजारी मांडल्या, एकीतून दुसरी वजा केली आणि बाकी शून्य आली. 'ताबडतोब' हा अर्थ त्या वाक्यातल्या एकाही शब्दात नाही; तो या वजाबाकीतून निघतो.

'हार्डली' आणि 'स्कर्सली' यांचा मार्ग निराळा. त्यांचा अर्थ जेमतेम, कशीबशी. 'हार्डली हॅड द बेल रंग' म्हणजे घंटा जेमतेम वाजली होती. इथे तुलना नाही, त्यामुळे 'दॅन'ला काही कामच नाही. जेमतेम वाजली होती, आणि तेवढ्यात काय झालं? त्या 'तेवढ्यात'साठी काळ दाखवणारा शब्द हवा, म्हणून 'व्हेन'. घंटा पुरती वाजण्याआधीच मुलं पळाली असं म्हणायचं असेल तर 'बिफोर'ही चालतो. या दोन रचनांचा अर्थ इतका जवळचा आहे, की खुद्द इंग्रज लोकही 'हार्डली'पुढे 'दॅन' लावतात. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली आलेल्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज'मध्ये या सरमिसळीबद्दल बजावलं होतं. शंभर वर्षांनी आपल्याकडचे परीक्षक अजून त्याच जागी विद्यार्थ्याची वाट अडवून उभे आहेत.

आता हेच मराठीत म्हणून पाहा. 'घंटा वाजते न वाजते तोच मुलं बाहेर पळाली.' या वाक्यात तो 'न' काय करतो आहे? घंटा तर वाजली आहे! इंग्रजीतही घंटा वाजलेलीच आहे, तरी वाक्य 'नो'नं सुरू होतं. दोन घटनांमधलं अगदी बारीक अंतर सांगायची वेळ आली, तेव्हा दोन्ही भाषांनी नकाराचाच आधार घेतला. झालं आणि नाही झालं यांच्या सीमेवर घटनेला नेऊन उभं केलं आणि तिथेच दुसरी घटना तिच्यावर आदळवली. इंग्रजीनं हे मराठीकडून घेतलं नाही की मराठीनं इंग्रजीकडून. मला हे जुळून येणं थक्क करणारं वाटतं.

पर्यायांमध्ये 'देन' आणि 'दॅन' शेजारी शेजारी ठेवण्यामागे परीक्षकाचा हेतू उघड आहे. पण हे दोघे मुळात एकच. जुन्या इंग्रजीत 'तेव्हा, मग' या अर्थाचा एक शब्द होता आणि तुलनेसाठीही तोच वापरत. 'हा उंच, मग तो' अशा बोलण्यातून 'त्यापेक्षा' हा अर्थ रुजला असावा, असं एक मत आहे. दोन अर्थांना दोन स्पेलिंगं कायमची चिकटली ती साधारण १७०० च्या सुमारास. १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापला गेला, त्यात 'पेक्षा'च्या जागी 'देन' पानोपानी दिसतो. आज ज्या उत्तराला शून्य मार्क मिळतात, ते त्या काळी छापखान्यातून बिनदिक्कत बाहेर पडत होतं.

त्या वाक्यात आणखी एक सापळा आहे, आणि गाळलेली जागा भरणारे बरेच जण वाक्य स्वतः लिहायची वेळ आली की त्यात सापडतात. 'नो सूनर द बेल हॅड रंग' हे चूक. 'हॅड' आधी, 'द बेल' नंतर. प्रश्न विचारत नसताना हा उलटा क्रम कशासाठी? यासाठी जर्मन भाषेकडे पाहावं लागतं. जर्मनमध्ये वाक्याच्या सुरुवातीला काहीही आणा, क्रियापद दुसऱ्या जागेवर येणार म्हणजे येणार. 'आज मी जातो' हे जर्मन माणूस 'आज जातो मी' या क्रमानं म्हणतो. इंग्रजी ही जर्मनची बहीण, तिच्याही जुन्या घरात ही पद्धत बरीच रुळलेली होती. मध्ययुग सरता सरता इंग्रजीनं ती सोडली आणि 'कर्ता आधी, क्रियापद मग' ही शिस्त धरली. पण नकारानं सुरू होणाऱ्या वाक्यांत जुनी चाल तशीच राहिली: 'नेव्हर हॅव आय', 'हार्डली हॅड शी', 'नॉट ओन्ली डिड दे'. परीक्षेत ज्याला 'इन्व्हर्जन' म्हणून वेगळा धडा असतो, तो मुळात इंग्रजीच्या जुन्या घराचा उभा राहिलेला एक खांब आहे.

एक बारकावा इथेच पाहून घेऊ. सहायक क्रियापद नसेल तर क्रम उलटा करायला 'डू' बोलवावा लागतो. भूतकाळ असेल तर 'डिड'. तो भूतकाळाचं ओझं आपल्या खांद्यावर घेतो, त्यामुळे मुख्य क्रियापद मोकळं होतं. म्हणून 'नो सूनर डिड द बेल रँग' चूक आणि 'डिड द बेल रिंग' बरोबर. शिवाय उलटा क्रम फक्त नकाराच्या वाक्यांशात, 'दॅन'च्या पुढे नाही. 'दॅन डिड द चिल्ड्रन रन' असं दोन्हीकडे उलटं लिहिणारे उत्साही विद्यार्थी हमखास असतात.

आता 'आयदर'च्या घराण्याकडे वळू, कारण तिथे आपले नातेवाईक आहेत.

'आयदर', 'नायदर', 'व्हेदर', 'अदर' हे चार शब्द सलग म्हणा. चौघांच्या शेवटी तोच आवाज येतो. हा शेवट म्हणजे 'उच्चतर', 'लघुतर', 'गुरुतर' यांतला आपला 'तर'. संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका प्राचीन भाषेतून फुटल्या, तिच्यात दोघांपैकी एक निवडायचा असेल तेव्हा लागणारा हा प्रत्यय होता. पाणिनीनं तो नेमका याच अर्थानं सांगितला आहे: दोहोंची तुलना असेल तर 'तर', अनेकांतून निवड असेल तर 'तम'. संस्कृतमध्ये दोघांपैकी कोण हे विचारायला 'कतर' आणि पुष्कळांपैकी कोण हे विचारायला 'कतम' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतला 'व्हेदर' हा या 'कतर'चा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच 'दोघांपैकी कोणता' असा होता. आणि 'अदर' कोण? 'देशांतर', 'मतांतर', 'भाषांतर' यांतला 'अंतर', म्हणजे दुसरा. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' समोर ठेवून इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाच्या नावातच इंग्रजी 'अदर'चा नातेवाईक बसला होता.

हे कळलं की परीक्षेतला एक हुकमी प्रश्न सुटतो. 'आयदर ऑफ द थ्री ब्रदर्स' चूक का? कारण 'आयदर'च्या आत 'दोहोंपैकी' कोरलेलं आहे. तिघे आले की 'एनी' किंवा 'वन' म्हणावं लागतं, तिघांपैकी कोणीच नको असेल तर 'नन'. पाणिनीला 'कतर' आणि 'कतम' यांत जो भेद दिसला तोच हा. जोडी म्हणून 'आयदर… ऑर' येतं तेव्हा तीन पर्याय जोडणारी वाक्यं चांगल्या इंग्रजीत सापडतात, पण 'ऑफ' लावून निवड करताना परीक्षक दोनावरच ठाम असतो.

जोडीदारांची कथाही तशीच. 'नॉर' हा 'नायदर'च्याच एका जुन्या रूपाचा झिजलेला अवशेष आहे. म्हणजे 'नायदर… नॉर' ही मुळात एकच शब्द दोनदा उच्चारण्याची रीत, आपल्या 'ना… ना'सारखी. 'ना घर का, ना घाट का' म्हणताना आपण जे करतो तेच. 'ऑर'सुद्धा एका लांब मध्ययुगीन रूपाचा आखडलेला अवतार आहे. 'ॲज… ॲज'मधला 'ॲज' तर 'ऑल्सो'चाच झिजलेला तुकडा: 'ऑल' आणि 'सो' मिळून 'ऑल्सो', आणि तोच घाईघाईत उच्चारून 'ॲज'. जे शब्द दिवसातून शेकडो वेळा तोंडातून जातात ते नदीतल्या गोट्यांच्या वेगानं गुळगुळीत होत नाहीत, त्याहून कितीतरी लवकर होतात.

'नायदर… नॉर'बद्दल एक गोष्ट व्याकरणाबाहेरची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'अ ही नाही आणि ब ही नाही' एवढं एकच वाक्य बोलता येणारी भाषा कल्पून पाहा. तिच्यात 'आणि' नाही, 'किंवा' नाही, साधा नकारही नाही. तिच्यात तर्क करता येईल? अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांना १८८० च्या सुमारास उमगलं, की येईल, आणि संपूर्ण येईल. 'अ ही नाही आणि अ ही नाही' म्हटलं की 'अ नाही' हा नकार मिळाला. 'अ ही नाही आणि ब ही नाही' याचाच पुन्हा नकार केला की 'अ किंवा ब' मिळालं. अ चा नकार आणि ब चा नकार घेऊन 'हाही नाही आणि तोही नाही' म्हटलं की 'अ आणि ब' मिळालं. पर्स यांचं टिपण त्या वेळी छापलं गेलं नाही. १९१३ मध्ये हेन्री शेफर यांनी एकाच क्रियेतून सगळं तर्कशास्त्र उभं राहतं हे स्वतंत्रपणे दाखवलं. आणि १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा यानाला वाट दाखवणाऱ्या संगणकाचं तर्कमंडल सुमारे २,८०० एकसारख्या चिपांनी बनलेलं होतं. प्रत्येक चिपमध्ये दोन 'नॉर' द्वारं. त्याखेरीज दुसऱ्या जातीचं तर्कद्वार त्यात नव्हतं. गाळलेल्या जागेत आपण जो 'नॉर' भरतो, त्याच्या जोरावर माणूस चंद्रावर जाऊन परत आला.

परीक्षेत मात्र 'नायदर… नॉर' बहुतेक वेळा क्रियापदासाठी विचारतात. 'नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स', यापुढे 'वॉज' की 'वेअर'? उत्तर 'वेअर', कारण क्रियापद जवळच्या नामाचं ऐकतं. क्रम फिरवून मुख्याध्यापक शेवटी आणले की 'वॉज'. 'आयदर… ऑर' आणि 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' यांनाही हेच लागू. हा नियम मुलांना परका आणि विचित्र वाटतो, खरं तर तो त्यांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. 'त्यानं आंबा किंवा चिंच आणली' असं आपण म्हणतो. आणि 'त्यानं चिंच किंवा आंबा आणला'. आणली की आणला हे कोण ठरवतं? जवळचं फळ. मराठीत हे कोणी शिकवावं लागलं नाही. 'बोथ… अँड'चं तसं नाही, तिथे दोघे एकत्र येतात म्हणून क्रियापद अनेकवचनी. आणि 'ॲज वेल ॲज' जोडीत मोडतच नाही. 'सोबत' या अर्थानं तो दुसऱ्याला बरोबर आणतो, पण क्रियापद पहिल्याचंच ऐकतं.

आता मुख्य प्रश्न. मुळात भाषेला जोडी लागतेच कशाला? 'चहा किंवा कॉफी' म्हटलं तरी भागतं, मग 'एकतर चहा' असं आधी सांगून काय मिळतं?

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एड्रियन स्टाउब आणि चार्ल्स क्लिफ्टन यांनी २००६ साली याचं उत्तर वाचकांच्या डोळ्यांत शोधलं. वाचताना नजर कोणत्या शब्दावर किती रेंगाळते हे यंत्रानं टिपून त्यांनी 'आयदर' असलेली आणि नसलेली वाक्यं वाचायला दिली. 'आयदर' आधी आला असेल तर 'ऑर'नंतरचा भाग लोक लवकर वाचत होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'आयदर'मुळे वाचकाचा एक विशिष्ट गोंधळ टळत होता. तो गोंधळ कसा असतो ते एका वाक्यावर पाहू: 'रवी विल मीट हिज मदर ऑर हिज सिस्टर विल गो होम.' वाचताना 'मदर ऑर हिज सिस्टर'पर्यंत आपण समजतो, की रवी आईला किंवा बहिणीला भेटणार आहे. मग 'विल गो' येतं आणि सगळं मोडून पुन्हा मांडावं लागतं. आता 'रवी'च्या आधी 'आयदर' ठेवा. पहिल्याच शब्दाला कळलं, की पर्याय दोन माणसांचे नाहीत, दोन अख्ख्या वाक्यांचे आहेत. गोंधळ उरतच नाही.

म्हणजे जोडीतला पहिला शब्द दोन गोष्टी सांगतो. एक, दुसरा येतो आहे. आणि दोन, तो कुठे उभा आहे त्यावरून, जोडायचे तुकडे केवढे आहेत. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण परीक्षेतले सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

'शी नॉट ओन्ली सिंग्ज मराठी साँग्ज बट ऑल्सो हिंदी साँग्ज.' वाक्य कानाला बरं वाटतं. चूक कुठे आहे? 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढे काय आहे पाहा: 'सिंग्ज', क्रियापद. 'बट ऑल्सो'च्या लगेच पुढे? 'हिंदी साँग्ज', नाम. पहिल्या शब्दानं क्रियापदाचा वायदा केला आणि दुसऱ्यानं नाम दिलं. 'नॉट ओन्ली' उचलून 'सिंग्ज'च्या पुढे ठेवा: 'शी सिंग्ज नॉट ओन्ली मराठी साँग्ज बट ऑल्सो हिंदी साँग्ज'. दोन्हीकडे नाम. परीक्षेत याला 'पॅरललिझम' म्हणतात.

इथे मराठी मुलाच्या हातात एक साधन आहे आणि ते कोणी त्याला दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं. तेच वाक्य मराठीत म्हणा: 'ती फक्त मराठीच नव्हे, तर हिंदी गाणीही गाते.' आता 'च' आणि 'ही' कुठे चिकटले ते पाहा. 'मराठी'ला 'च', 'गाणी'ला 'ही'. दोन्ही गाण्यांच्या बाजूला, 'गाते'ला काहीच नाही. म्हणजे इंग्रजीतही जोडी गाण्यांच्या आधी हवी, क्रियापदाच्या आधी नको. दुसरं वाक्य घ्या: 'ती गाणी गातेच, शिवाय चालीही लावते.' इथे 'च' क्रियापदाला लागला, जोडी कृतींची झाली, तेव्हा इंग्रजीत 'शी नॉट ओन्ली सिंग्ज साँग्ज बट ऑल्सो कंपोझेस ट्यून्स'. इंग्रजीतले हे शब्द सुटे असतात, वाक्यात मोकळे फिरतात, म्हणून ते भलत्याच जागी जाऊन बसतात. आपले 'च' आणि 'ही' शब्दाच्या अंगाला घट्ट चिकटून असतात, ते आपली जागा सोडत नाहीत. वाक्य अडलं की मनात त्याचं मराठी करा, 'च' आणि 'ही' शोधा, आणि जोडी तिथे नेऊन ठेवा. भाषांतर करून इंग्रजी शिकू नये असं अलीकडे सारखं सांगितलं जातं. या एका ठिकाणी तरी ते खरं नाही.

'बोथ'लाही हीच कसोटी लागते. 'द डॅम विल बोथ सप्लाय वॉटर टू व्हिलेजेस अँड टू फॅक्टरीज' यात 'बोथ'पुढे क्रियापद आहे आणि 'अँड'पुढे 'टू'. 'बोथ'ला सरकवत 'टू व्हिलेजेस'पाशी आणलं की तराजूची दोन्ही पारडी सारखी होतात. परदेशी व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी लागणाऱ्या जीमॅट परीक्षेत २०२३ च्या नव्या आराखड्यापर्यंत वाक्यसुधारणेचे प्रश्न असत. त्यांची खुबी हीच होती: जोडीतले दोन शब्द एकमेकांपासून लांब न्यायचे, मध्ये भरगच्च उपवाक्यं कोंबायची आणि पहिल्या शब्दाचा वायदा वाचकाच्या लक्षात राहतो का ते पाहायचं. बोलताना इंग्रज माणूस इतका काटेकोर नसतो, आणि उत्तम लेखकांच्या लेखनातही 'नॉट ओन्ली' एखाद्या शब्दानं अलीकडे-पलीकडे सापडतो. ती वाक्यं कळतात, त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. परीक्षा मात्र बारीक वजन करते.

आतापर्यंत जोडीदार हरवण्याच्या चुका पाहिल्या. आपल्याकडे उलटी चूकही तितकीच होते: नको तिथे जोडीदार आणण्याची. त्याचं मूळ मराठीच्या घडणीत आहे. आपली भाषा जोडीनंच विचार करते. जो… तो, जेव्हा… तेव्हा, जिथे… तिथे, जितका… तितका, जर… तर, जरी… तरी. संस्कृतच्या 'यद्' आणि 'तद्'पासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. एक 'ज' आला की त्याचा 'त' यायचाच. आला नाही तर वाक्य अधांतरी लटकतं. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि 'ॲज इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट गो' लिहितो. पाऊस पडत होता 'म्हणून' गेलो नाही, मराठीला तो 'म्हणून' हवाच. पण इंग्रजीत 'ॲज' एकट्यानं कारण सांगून मोकळा झालेला असतो, 'सो' फाजील ठरतो. 'ऑलदो… बट'चं तेच. 'ऑलदो'नं पहिलं वाक्य गौण केलं आणि 'बट' तर दोन बरोबरीची वाक्यं जोडणारा. दोघे एकाच वेळी आले की मुख्य वाक्य कुठलंच उरत नाही. 'येट' मात्र चालतो, कारण तो 'तरीही' असा जोर देणारा शब्द म्हणून येऊ शकतो. जुन्या व्याकरणांत 'दो… येट' ही जोडी म्हणूनच दिलेली असे, आज ती कमी ऐकू येते.

'अनलेस'पुढे 'नॉट' नको, कारण नकार त्याच्या आत आहे. 'लेस्ट'चंही असंच, त्याच्या पोटात 'लेस', म्हणजे 'कमी', आहे आणि त्याचा अर्थ 'नाहीतर तसं होईल' असा भीतीचा. म्हणून 'वर्क हार्ड लेस्ट यू शुड फेल'. तिथे 'शुड नॉट' लिहिलं की नापास होण्याऐवजी पास होण्याची भीती व्यक्त होते.

शेवटची एक जोडी दुकानांच्या, दवाखान्यांच्या आणि कार्यालयांच्या पाट्यांवर रोज दिसते. 'बिटवीन १० टू १२.' आपला 'ते' फार सोयीचा शब्द आहे, 'दहा ते बारा' म्हटलं की काम झालं, आणि 'ते'चं इंग्रजी 'टू' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण 'बिटवीन' या शब्दात 'बी' आणि 'ट्वीन' आहेत, आणि 'ट्वीन'मध्ये 'टू', म्हणजे दोन हा आकडा, बसलेला आहे. 'ट्विन' म्हणजे जुळं हे त्याचंच भावंड. 'दोहोंच्या मध्ये' असा त्याचा अर्थ, आणि ते दोघे सांगायचे तर 'हा आणि तो' असेच सांगावे लागणार. म्हणून 'बिटवीन टेन अँड ट्वेल्व्ह'. 'टू' ठेवायचाच असेल, तर प्रवास सुरू कुठून झाला ते सांगणारा 'फ्रॉम' आधी हवा: 'फ्रॉम टेन टू ट्वेल्व्ह'.